विमानं भरली, पण कंपनी सावरली का?

विमान कंपनीचा एखादा वरिष्ठ अधिकारी इंदूरच्या रोटरी किंवा लायन्स क्लबात बोलायला येतो, तेव्हा विषय बहुधा ठरलेला असतो: रिकव्हरी. पडद्यावर वर चढणारी रेघ येते, प्रवाशांची संख्या कोरोनाआधीच्या आकड्यापुढे गेल्याचं सांगितलं जातं, टाळ्या पडतात. प्रश्नोत्तरं सुरू झाली की कुणीतरी विचारतंच, "साहेब, एवढं सगळं सुधारलंय तर पुण्याचं तिकीट इतकं महाग का, आणि सकाळचं विमान बंद का केलंत?"

अधिकारी खोटं बोलत नसतो आणि प्रश्न विचारणाराही चुकत नसतो. पडद्यावरची रेघ फक्त प्रवाशांची असते. कंपनी सावरायची तर प्रवाशांशिवाय आणखी दोन गोष्टी रुळावर याव्या लागतात: विमानं-वैमानिक, आणि ताळेबंद. या तिघांचा वेग वेगवेगळा असतो आणि प्रवासी सगळ्यांत आधी परततात. भाषण ऐकताना एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं बरंच उलगडतं.

प्रवासी परतले, पैसे मागे राहिले

२५ मार्च २०२० ला देशातली प्रवासी विमानं थांबली. २५ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली, तीही आधीच्या एक तृतीयांश उड्डाणांनी आणि सरकारने ठरवलेल्या किमान-कमाल भाड्यांत. उड्डाणसंख्येवरची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये उठली, भाड्यांवरची ३१ ऑगस्ट २०२२ ला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये देशांतर्गत प्रवासी १४.४२ कोटी होते. २०२० मध्ये ६.३० कोटी, २०२१ मध्ये ८.३८ कोटी, २०२२ मध्ये १२.३२ कोटी, २०२३ मध्ये १५.२० कोटी आणि २०२४ मध्ये १६.१३ कोटी. म्हणजे चौथ्या वर्षी प्रवाशांचं नुकसान भरून निघालं.

आता याच काळातला इंडिगोचा निकाल बघा. ही देशातली सगळ्यांत मोठी कंपनी, आणि खर्च आवळून धरण्यात सगळ्यांत कसलेली. २०२०-२१ मध्ये तिला ५,८०६ कोटींचा तोटा झाला. २०२१-२२ मध्ये प्रवासी परतू लागले होते, तरी तोटा वाढून ६,१६२ कोटींवर गेला. २०२२-२३ संपताना विमानतळांवर पाय ठेवायला जागा नव्हती, तरीही ३०६ कोटींचा तोटाच. नफा उजाडला तो २०२३-२४ मध्ये, ८,१७२ कोटींचा.

गो फर्स्ट या विमान कंपनीची कथा याहून बोलकी आहे. ती ३ मे २०२३ ला बंद पडली. मे महिना हा भारतात विमान प्रवासाच्या ऐन हंगामाचा, आणि त्या वर्षी प्रवाशांचे आकडे नवे उच्चांक गाठत होते. ग्राहक दारात उभे असताना दुकान बंद झालं, कारण निम्मी विमानं इंजिनांविना जमिनीवर होती आणि भाड्याने घेतलेल्या त्या विमानांचं मीटर मात्र सुरू होतं.

भरलेलं विमान तोट्यात कसं जातं?

इथे दोन संज्ञा लागतात. विमानातल्या शंभर खुर्च्यांपैकी किती भरल्या, तो लोड फॅक्टर. आणि प्रवाशामागे, प्रवासाच्या अंतराच्या हिशेबाने, कंपनीच्या हाती सरासरी किती पैसे पडतात ते यील्ड. भाषणात पहिला आकडा ठळक असतो. दुसरा विचारल्याशिवाय कळत नाही.

इंदूर-पुणे ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या बसचा हिशेब बहुतेकांना माहीत असतो. डिझेल, टोल आणि ड्रायव्हर यांचा खर्च दहा प्रवासी असोत की चाळीस, जवळजवळ तेवढाच. आणि बस सुटली की रिकामा बर्थ कायमचा वाया. विमानाचंही तसंच आहे, फक्त खर्च प्रचंड आणि नफ्याची पट्टी फार अरुंद.

समजा इंदूर-मुंबई फेरीला १८० खुर्च्यांचं एअरबस ए३२० आहे. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. एका फेरीचा एकूण खर्च ६.५ लाख रुपये धरू. कर आणि विमानतळाचं शुल्क वगळून कंपनीला तिकिटामागे सरासरी ४,५०० रुपये मिळत असतील, तर खर्च निघायला १४५ खुर्च्या भराव्या लागतात, म्हणजे ८१ टक्के. प्रतिस्पर्ध्याने भाडं पाडलं आणि सरासरी ४,००० वर आली, तर १६३ खुर्च्या लागतात, ९१ टक्के. आणि सरासरी ३,५०० झाली तर एकही खुर्ची रिकामी न ठेवता ६.३ लाखच मिळतात. विमान खचाखच भरलेलं आणि फेरीमागे वीस हजारांचा तोटा.

म्हणूनच "आमची विमानं ९० टक्के भरलेली असतात" या वाक्यातून कंपनीची तब्येत कळत नाही. ९० टक्के कोणत्या भाड्याला, हे विचारलं पाहिजे. तिकिटावर छापलेली सगळी रक्कमही कंपनीची नसते. त्यात विमानतळ चालवणाऱ्याचं प्रवासी शुल्क असतं, २०० रुपये सुरक्षा शुल्क असतं, इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी असतो. स्वस्त तिकिटात हा भाग डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो.

इंधन आणि डॉलर

भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. हे इंधन, एटीएफ, अजून जीएसटीत आलेलं नाही. त्याचा दर तेल कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात आणि त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. २०२५ मध्ये तमिळनाडूत तो २९ टक्के होता, दिल्लीत २५. मध्य प्रदेशाने कोरोनानंतर इंदूर-भोपाळसाठी तो २५ वरून ४ टक्क्यांवर आणला, आणि ही गोष्ट इंदूरच्या खऱ्या फायद्याची आहे. स्वस्त कराच्या गावी कंपन्या परतीचं इंधनही भरून घेतात. त्याने विमान जड होतं आणि थोडं इंधन ते वजन वाहण्यातच जळतं, पण करातला फरक मोठा असेल तर तरीही परवडतं.

वरच्याच उदाहरणात ६.५ लाखांपैकी २.६ लाख इंधनाचे धरले आणि दर १५ टक्क्यांनी चढला, तर फेरीचा खर्च ३९ हजारांनी वाढतो. ४,५०० च्या भाड्याने खर्च काढायला १४५ ऐवजी १५४ खुर्च्या लागतात. नऊ प्रवासी जास्त, तेही रोज, प्रत्येक फेरीला.

डॉलरचा मार याहून चिवट असतो. भारतातली बहुतेक प्रवासी विमानं भाडेपट्ट्यावरची आहेत. मालक परदेशी कंपन्या, बऱ्याचशा आयर्लंडमधल्या, आणि भाडं डॉलरमध्ये. २०१९ च्या अखेरीस डॉलर सुमारे ७१ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. एका विमानाचं महिन्याला साडेतीन लाख डॉलर भाडं धरलं तर ७१ च्या दराने २.४९ कोटी होतात, ९० च्या दराने ३.१५ कोटी. विमान तेच, फेऱ्या त्याच. महिन्याला १८० फेऱ्या धरल्या तर प्रत्येक खुर्चीमागे दोनशे रुपये नुसत्या रुपयाच्या घसरणीने वाढले.

तिमाही निकालात हे आणखी भडक दिसतं. एप्रिल २०१९ पासूनच्या लेखा नियमांप्रमाणे पुढच्या अनेक वर्षांचं विमानभाडं आजच कर्ज म्हणून ताळेबंदात दाखवावं लागतं. रुपया घसरला की या सगळ्या कर्जाची किंमत एकदम वाढते आणि तो फरक त्याच तिमाहीत तोटा म्हणून बसतो, रोख पैसे अजून गेलेले नसले तरी. निकालाची बातमी वाचताना परकीय चलनाचा परिणाम वगळून काय उरलं, ती ओळ शोधावी. धंद्याची चाल तिथे दिसते.

नफा उडण्यातून आला की विमान विकण्यातून?

कंपनी एकदम शेकडो विमानांची मागणी नोंदवते. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानं घेत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या खरेदीवर भरघोस सूट मिळते. विमान ताब्यात आलं की कंपनी ते लगेच भाडेपट्टा कंपनीला थोड्या जास्त किमतीला विकते आणि तेच विमान पुढच्या काही वर्षांसाठी भाड्याने घेते. याला सेल अँड लीजबॅक म्हणतात. यात गैर काही नाही, जगभर चालतं. रोख रक्कम हाती येते आणि जुन्या विमानांची मोडतोड अंगावर राहत नाही, कारण मुदत संपली की विमान परत.

अडचण तेव्हा येते, जेव्हा दुबळी कंपनी रोजचा तोटा या पैशाने भरते. नवी विमानं येत राहिली तोवर पैसा येत राहतो. ती थांबली की आवक बंद आणि भाडं सुरू. शिवाय करार संपताना विमान ठरलेल्या स्थितीत परत करावं लागतं: इंजिन, चाकांचा संच, कागदपत्रं, सगळं. त्यासाठी आधीपासून पैसे बाजूला ठेवलेले नसतील तर तो खर्च अचानक पुढ्यात येतो. रिकव्हरीवर बोलणाऱ्या माणसाला माझ्या मते सगळ्यांत आधी विचारायचं ते हे: विमानं उडवून किती मिळाले, आणि विमानं विकून किती?

उभं विमान म्हणजे बंद गाडी नव्हे

लॉकडाऊन उठल्यावर विमानं लगेच का उडाली नाहीत, असं अनेकांना वाटलं होतं. विमान आठवडाभर जरी उभं ठेवायचं तरी त्याची देखभाल लागते. पंखांखालच्या इंजिनांची तोंडं झाकतात, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवतात. नाकाजवळ बोटाएवढ्या नळ्या असतात, पिटो ट्यूब. हवेच्या दाबावरून वेग मोजणं हे त्यांचं काम. त्यांवर टोपण घालावंच लागतं, कारण आत कुंभारमाशीने घर केलं तर उड्डाणाच्या वेळी वेगाचा आकडाच चुकतो. टायर एकाच जागी दबून सपाट होऊ नयेत म्हणून विमान थोडं पुढेमागे ढकलतात. टाकीतल्या इंधनात बुरशी वाढू नये म्हणून औषध घालतात. बॅटरी सोडवतात, ठरावीक दिवसांनी इंजिन चालवून बघतात. सेवेत परत आणताना हे सगळं उलट्या क्रमाने आणि प्रत्येक पायरीवर इंजिनिअरच्या सहीने.

वैमानिकाचंही तसंच. मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाले नसतील तर तो प्रवासी घेऊन उडू शकत नाही. आधी सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, बसावं लागतं. शेकडो वैमानिक एकदम अपात्र झाले आणि सिम्युलेटर मोजकेच, तर रांग लागणारच.

त्यात इंजिनांचा घोळ आला. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीने सांगितलं की ए३२० निओवर बसणाऱ्या त्यांच्या जीटीएफ इंजिनांच्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनवल्या, तिच्यात अशुद्धी राहिली होती. ती चकती इंजिनाच्या गाभ्यात असते. इंजिन उतरवून पूर्ण उघडल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि विमान पुन्हा उडायला २५० ते ३०० दिवस जातात असं खुद्द कंपनीनेच सांगितलं. इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं यामुळे जमिनीवर होती. प्रवासी आहेत, पैसे द्यायला तयार आहेत, विमान नाही. भाडी चढण्याचं हे एक सरळ कारण.

माणसांची बाजू डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिली. वैमानिकांच्या थकव्यासाठीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, आणि मध्यरात्री ते सकाळी सहा या वेळात लँडिंग सहाऐवजी दोनच. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. इंडिगोने तेवढे वैमानिक तयार ठेवले नव्हते, आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. कंपनीने आधीचं आर्थिक वर्ष नफ्यात संपवलं होतं, विमानं भरलेली होती. हा नियम जाचक आहे, असं काहींनी म्हटलं. मला ते पटत नाही. थकलेल्या वैमानिकाच्या जिवावर वेळापत्रक आखलं जात असेल तर चुकीचं वेळापत्रक आहे.

एवढं सगळं ठीक, पण इंदूरचं काय?

इंदूरचं देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ कंपन्यांच्या जाळ्यात टोकाचं ठाणं आहे, मुख्य अड्डा नव्हे. इथे येणारं विमान सकाळी दिल्लीहून निघालेलं असतं, मग इंदूर, मग मुंबई, मग आणखी कुठेतरी. दिल्लीत पहाटे धुकं पडलं की इंदुरात लख्ख ऊन असूनही दुपारचं मुंबईचं विमान उशिरा येतं. गोंधळानंतर कंपनी आधी मोठ्या शहरांच्या जोड्या सोडवते, कारण तिथे अडकलेले प्रवासी आणि पुढची जोडउड्डाणं जास्त. टोकाच्या ठाण्याची फेरी रद्द करून ते विमान मध्येच वळवणं तिला सर्वांत स्वस्त पडतं.

यावर एक खरा उपाय आहे: रात्री मुक्कामाला राहणारं विमान. ते इंदुरातच असेल तर सकाळची पहिली फेरी दिल्लीच्या धुक्यावर अवलंबून राहत नाही. त्यासाठी उभं करायला जागा, रात्रपाळीचा इंजिनिअर, सुटे भाग आणि वैमानिकांच्या मुक्कामाची सोय लागते. क्लबच्या सभेत "आणखी फ्लाइट द्या" म्हणण्यापेक्षा "रात्री किती विमानं इथे थांबवणार?" असं विचारलं तर नेमकं उत्तर द्यावं लागतं.

दुसरी अडचण समोरच्या टोकाची. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पुण्याचं विमानतळ हवाई दलाचं आहे. दोन्हीकडे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळणं कठीण. कंपनीकडे एक मोकळा स्लॉट असेल तर ती तो जास्त यील्डच्या मार्गाला देते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. इंदूरच्या मागणीला तिथे जागा मिळण्याची शक्यता जुन्या मुंबई विमानतळापेक्षा चांगली आहे.

नवा मार्ग रुजायलाही वेळ लागतो. १५ जुलै २०१९ ला इंदूरहून दुबईला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान गेलं. आठ महिन्यांत कोरोना आला आणि प्रवाशांना सवय लागायच्या आतच तो मार्ग थांबला.

सरकारने भाडी बांधून का देऊ नयेत?

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारी संपली, तेव्हापासून भाडं कंपनी ठरवते. संकटात सरकार हात घालू शकतं आणि घालतंही. ६ डिसेंबर २०२५ ला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० अशी कमाल मर्यादा घातली गेली. काही दिवसांसाठी हे योग्यच होतं, अडलेल्या माणसाला लुटू देऊ नये.

कायमची मर्यादा मात्र इंदूरसारख्या गावांना महागात पडेल. एकाच विमानातली महाग तिकिटं स्वस्त तिकिटांचा भार उचलतात. वरची बाजू कापली की कंपनी खालची बाजू उचलते, किंवा ज्या मार्गावर सरासरी आधीच कमी आहे तो बंद करते. मोठ्या शहरांमधली उड्डाणं टिकतात, टोकाची जातात.

कंपनी बुडाली तर माझ्या तिकिटाचं?

विमान कंपनी तुमचे पैसे आज घेते आणि सेवा दोन महिन्यांनी देते. मधल्या काळात ते पैसे तिच्या रोजच्या खर्चात फिरत असतात. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची मालमत्ता विकून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. अशा वेळी तारण नसलेला तिकीटधारक रांगेत फार मागे असतो; त्याच्या आधी दिवाळखोरी प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेल्या बँका.

म्हणून कंपनीबद्दल शंका असेल तर तिकीट क्रेडिट कार्डावर काढावं आणि सेवा बंद झाल्याच्या दिवशीच बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवून देण्याची, लेखी मागणी करावी. त्याला मुदत असते. एजंटाने पैसे पुढे भरले असतील तर त्याच्याकडून पावती घ्यावी. चालू कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क आहे. परतावा रोख घ्यायचा की कंपनीच्या खात्यात पुढच्या प्रवासासाठी ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचं, तिने नव्हे. आधी न कळवता रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी रक्कम भरपाई म्हणून मिळते. इंदूरहून मुंबई, पुणे आणि दिल्ली ही तिन्ही उड्डाणं याच गटात बसतात. काउंटरवर "हवामान" असं तोंडी कारण सांगितलं तर ते लेखी मागा. बोर्डिंग पास आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकताना हेच कागद लागतात.